शिल्प नंतर बघा, आधी चौथरा बघा

शहरातल्या एका बागेत फायबरचा वाघ उभा आहे. रंग उडून उडून तो आता भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा दिसतो. उघड्या जबड्यात गांधीलमाशांनी पोळं केलंय, शेपटीच्या टोकातून लोखंडी सळी बाहेर डोकावते आणि चौथऱ्याला मधोमध तडा गेलाय. पोरं तरीही त्याच्या पाठीवर चढतात. आईबाप फोटो काढतात आणि माशी दिसली की ओरडतात.

शहराच्या कडेच्या जंगलात शिल्पं लावावीत की नाही, ही चर्चा कानावर आली की मला हा वाघ आठवतो. नागपुरात अशा जागा काही कमी नाहीत. गोरेवाडा आहे, सेमिनरी हिल्स आहे, अंबाझरी तलावामागचं जैवविविधता उद्यान आहे. सकाळी फिरायला येणाऱ्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, जंगलात सिमेंटचं काम नकोच. दुसरा म्हणतो, बघण्यासारखं काही असलं तर लोक येतील, नाहीतर कोण येतंय गवत बघायला? दोघंही शिल्पाविषयी बोलतात. शिल्प कशावर उभं राहणार, हे मात्र कोणीच विचारत नाही.

विचारायला हवं, कारण अलीकडच्या दोन मोठ्या बातम्यांचा मुद्दा तोच होता. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तलावाच्या सांडव्यापुढे उभ्या असलेल्या स्वामी विवेकानंदांच्या पुतळ्याचा पाण्याला अडथळा होतो का, हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. पुढे २६ ऑगस्ट २०२४ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. उभारून नऊ महिनेही झाले नव्हते. चौकशी समितीने बोट ठेवलं ते गंजावर, कमकुवत सांगाड्यावर आणि वेल्डिंगवर. चेहरा कसा घडवला होता, हा प्रश्न दोन्हीकडे नव्हता. एकीकडे प्रश्न जागेचा होता, दुसरीकडे आतल्या लोखंडाचा.

## पुतळा वेगळा, शिल्प वेगळं

आपण बोलताना दोन्हीला एकच शब्द वापरतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पुतळा कुणाचा तरी असतो. त्याच्यामागे श्रद्धा असते, जयंती असते, हार असतो. त्यामुळे तो झिजू देता येत नाही, हलवता येत नाही, आणि काढायचा तर शहर पेटतं.

जंगलातल्या शिल्पाला असं ओझं नसतं. ते दगडांची रास असू शकतं, वाळक्या फांद्यांचं घरटं असू शकतं, वारा आला की वाजणाऱ्या बांबूंची रांग असू शकते. अशा कामाला स्थळविशिष्ट शिल्प म्हणतात. म्हणजे त्या जागेसाठीच केलेलं, तिथून उचलून चौकात ठेवलं तर अर्थ हरवून बसणारं. फायबरचा वाघ या व्याख्येत बसत नाही. तो कुठेही ठेवता येतो, आणि कुठेही ठेवलेला दिसतोच.

## काळ्या मातीवर काहीही सरळ उभं राहत नाही

नागपुरात ज्यानं घर बांधलंय त्याला हे सांगायची गरज नाही. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज असतं. नाव एकदाच सांगतो, पुन्हा लागणार नाही. त्याची रचना पातळ पापुद्र्यांची असते आणि दोन पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं. साबुदाणा भिजत घातल्यावर सकाळी पातेलं भरून वर येतो ना, तसंच. पावसाळ्यात माती फुगते, चौथरा वर उचलते. उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चौथऱ्याचा जो कोपरा सावलीत असतो तिथली माती ओलसर राहते, उन्हातला कोपरा खाली बसतो. मग तडा जातो.

घर बांधताना आपण या मातीतून खाली जातो. मुरूम लागेपर्यंत खोदतो, नाहीतर खाली फुगवटा असलेले खांब ओततो. पण चार फुटी वाघासाठी एवढं कोण खोदतो? दीड फूट खड्डा, विटा, वरून सिमेंट आणि उद्घाटनाची पाटी. त्या वाघाच्या चौथऱ्यातली फट मी गेल्या मे महिन्यात पाहिली तेव्हा तिच्यात एक रुपयाचं नाणं सहज उभं राहिलं. गंमत म्हणून तिथेच ठेवलं. ऑगस्टमध्ये गेलो तर माती फुगून फट मिटली होती आणि नाणं दाताखाली धरल्यासारखं घट्ट अडकलं होतं.

मग खोल खोदावं, असं कोणी म्हणेल. बागेत खोदा. जंगलात खोल खोदण्याची किंमत झाडं देतात. झाडाचं मूळ खोल खोल जातं असं आपल्याला वाटतं, पण पाणी आणि अन्न शोषणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. तिथे चौथरा आला की मुळं तुटतात. त्याहून वाईट म्हणजे मुरूम टाकून, धुम्मस मारून जमीन दाबली जाते. शिल्प उतरवायला आलेली क्रेन जिथून जाते तिथे तर माती विटेसारखी होते. दाबलेल्या मातीत हवा राहत नाही आणि पाणी मुरत नाही. झाड लगेच मरत नाही. तीन-चार वर्षांनी शेंडा वाळायला लागतो, तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं.

म्हणून अशा जागी शहाणा शिल्पकार चौथराच टाळतो. जड दगड जमिनीवर नुसता ठेवतो, किंवा जमिनीत पिळून बसवायच्या लोखंडी स्क्रूवर काम उभं करतो. उद्या काढायचं ठरलं तर स्क्रू उलटा फिरवला की झालं, जमिनीत राहते ती हातभर भोकं.

## नवतप्यात लोखंडाचं काय होतं?

नवतपा म्हणजे मेअखेरीचे नऊ सर्वांत तापलेले दिवस. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. ते सावलीतल्या हवेचं होतं. उन्हातला काळा पत्रा त्याहून बराच तापतो, साठीच्या पुढे सहज जातो. हिवाळ्यातल्या पहाटे तोच पत्रा दहा अंशांच्या खाली असतो.

लोखंड तापलं की लांबतं, हे शाळेत रेल्वेच्या रुळांच्या उदाहरणाने शिकवलेलं असतं. हिशोब सोपा आहे. एक मीटर लोखंड एका अंशाला साधारण ०.०१२ मिलिमीटरने वाढतं. सहा मीटरची सळी ५५ अंशांच्या फरकाने जवळजवळ चार मिलिमीटर लांब होते. ॲल्युमिनियम तर याच्या दुप्पट लांबतं. एका शिल्पात दोन वेगळे धातू वेल्ड किंवा बोल्टने जखडले, तर दरवर्षी एक दुसऱ्याला ओढत राहतो. सिमेंट आणि लोखंड हे त्यातलं सुखी जोडपं. दोघंही जवळपास सारखेच लांबतात, म्हणून तर स्लॅब टिकतो. फायबर आणि लोखंडी सांगाडा यांचं जमत नाही. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं प्लास्टिक. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचं प्लास्टिक खडूसारखं भुरभुरतं, मग आतले काचेचे धागे उघडे पडतात. वाघाच्या पाठीवरून हात फिरवला तर तळव्याला खाज सुटते ती त्यामुळेच. ती भुकटी पावसाबरोबर मातीत जाते.

पण उन्हापेक्षा वाईट म्हणजे साचलेलं पाणी. घरचा कूलर आठवा. वरची जाळी वर्षानुवर्षं टिकते, सडतो तो तळाचा ट्रे. शिल्पाचंही तसंच. शिल्पांची कामं करणाऱ्या एका फॅब्रिकेशनवाल्या काकांकडे मी एकदा बसलो होतो. एक तरुण मोराचं चित्र घेऊन आला, पिसारा वगैरे फार सुंदर काढला होता. काकांनी कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने एक खोलगट आकार काढला आणि म्हणाले, "भाऊ, मोर नंतर पाहू. पाणी कुठून निघन ते पह्यले सांगा." पिसाऱ्याची प्रत्येक खोबण म्हणजे एक छोटा ट्रे. तिथे गंज धरतो आणि डासांची अंडी पडतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून सिमेंटच्या आत सळी गंजली की वरचा पापुद्रा फुटून पडतो. जुन्या घराच्या छताचं प्लास्टर पडतं त्याचं कारण हेच.

यावर उपाय म्हणून कोर्टेन पोलाद सुचवलं जातं. हा तांबे, क्रोमियम वगैरे थोडं थोडं मिसळलेला पोलादाचा प्रकार. तो गंजतो, पण त्याचा गंज घट्ट बसतो आणि आतल्या धातूचं रक्षण करतो. वापरून काळा झालेला भाकरीचा तवा पाहिलाय ना? तो थर घासून काढला तर तवा पुन्हा गंजतो, राहू दिला तर पिढ्यान्पिढ्या चालतो. नागपूर समुद्रापासून लांब असल्याने हे पोलाद इथे चालण्यासारखं आहे. कोकणातली खारी हवा तो थर नीट बसू देत नाही. मात्र भिजणं आणि वाळणं आळीपाळीने व्हायला हवं. पालापाचोळ्यात रुतलेला पाया सतत ओला राहिला, तर कोर्टेनसुद्धा साध्या पत्र्यासारखं झिजतं. आणि पहिली दोन-तीन वर्षं पावसात तपकिरी ओघळ येतात, तेव्हा खाली पांढरी फरशी घालण्याची हौस आवरावी.

## मग दगडाचंच करावं का?

काटोल रस्त्यावर जुनापाणीला जा. तिथे माळावर सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत. काळ्या दगडाचे मोठे धोंडे गोलाकार मांडलेले, काहींवर बोटाने दाबल्यासारखे छोटे खळगे. ती शिल्पं नाहीत. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी केलेली दफनस्थळं आहेत, दोन हजारांहून जास्त वर्षं जुनी. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात त्यांच्याविषयी लिहून ठेवलं.

पण उघड्यावर काय टिकतं, याचा यापेक्षा चांगला धडा विदर्भात नाही. चौथरा नाही, सळी नाही, सिमेंट नाही. माती फुगली की धोंडा थोडा वर येतो, आक्रसली की खाली बसतो, आणि त्याचं काही बिघडत नाही. मधून गवत उगवतं, गुरं चरतात. दगड तिथलाच आहे. नागपूरच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट आहे, तर उत्तरेला कामठीकडे वालुकाश्म. बेसाल्ट घडवायला कठीण, पण ऊनपाऊस पचवतो. राजस्थानातून संगमरवर आणून जंगलात ठेवण्याची कल्पना मला कधीच कळली नाही. सहा महिन्यांत त्यावर शेवाळ आणि कावळ्यांची विष्ठा, मग ॲसिडने धुणं, मग दगडाला खड्डे.

## "एवढ्या मोठ्या जंगलात चार शिल्पांनी काय बिघडतं?"

चारच राहिली आणि एका कोपऱ्यात राहिली, तर फार नाही. नेदरलँड्समध्ये डी होग फेलुवे नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे ५,४०० हेक्टरचं. त्यात क्रोलर-म्युलर संग्रहालयाची शिल्पबाग १९६१ साली सुरू झाली. ती बाग सुमारे २५ हेक्टरची, म्हणजे उद्यानाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. बाकीच्या जागेत माळ, वाळू, झाडं आणि हरणं.

आपल्याकडे उलटं होतं. शिल्प आलं की त्याच्यापर्यंत पेव्हर ब्लॉकची वाट येते. वाट आली की बाक, बाकापाशी कचराकुंडी, कुंडीपाशी माकडं आणि कुत्री. संध्याकाळी शिल्प दिसावं म्हणून हॅलोजन. पावसाळ्यात रस्त्यावरच्या दिव्याभोवती किड्यांचा गोळा घुमताना सगळ्यांनीच पाहिलाय. ते किडे रात्रभर फिरून मरतात, जोडीदार शोधत नाहीत की अंडी घालत नाहीत. त्यांच्यावर जगणारे रातवे आणि वटवाघळं मग अंधारातल्या आपल्या जागा सोडतात. शिल्पाला रात्री दिवा लावणं ही मला या सगळ्या प्रकारातली सर्वांत टाळण्याजोगी चूक वाटते, कारण ती सुधारायला फक्त बटण दाबावं लागतं.

आरशासारख्या चकचकीत स्टीलबद्दलही दोन शब्द. त्यात आभाळ आणि झाडं दिसतात, पक्ष्यालाही दिसतात, आणि तो सरळ जाऊन आदळतो. आकार आतल्या बाजूला वळलेला असेल तर ऊन एका ठिकाणी गोळा होतं. २०१३ साली लंडनमध्ये एका वळणदार काचेच्या इमारतीने रस्त्यावर उभ्या गाडीचे भाग वितळवले होते, तेही लंडनच्या उन्हात. नागपुरात मे महिन्यात पायाशी वाळलं गवत असताना काय होईल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

## "मग चंदीगडच्या रॉक गार्डनचं काय?"

हा आक्षेप माझ्या सगळ्या बोलण्याला छेद देणारा आहे, आणि मला त्याचं पूर्ण उत्तर सापडत नाही. नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. सुखना तलावाजवळच्या, बांधकामाला मनाई असलेल्या वनजमिनीवर त्यांनी फुटक्या बांगड्या, टाइल्स, भांडी आणि दगड गोळा करून जवळजवळ अठरा वर्षं चोरून शिल्पं उभारली. उघडकीस आल्यावर पाडायची सोडून सरकारने १९७६ साली ती लोकांसाठी खुली केली. परवानगी मागितली असती तर ती बाग झालीच नसती.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आता तिथे जाणारा माणूस नेकचंदांची शिल्पं बघायला जातो, जंगल बघायला नाही. जंगलाची बाग झाली, आणि अप्रतिम बाग झाली. तो सौदा एखाद्या ठिकाणी करावासा वाटेलही. पण सौदा आहे हे मान्य करून करावा, 'निसर्ग संवर्धन' असं फलकावर लिहून नव्हे.

## "कुजणाऱ्या शिल्पावर पैसे का घालायचे?"

इंग्लंडच्या ग्राइझडेल जंगलात १९७७पासून शिल्पकारांना राहायला बोलावलं जाऊ लागलं. तिथलंच लाकूड आणि तिथलेच दगड वापरून काम करायचं आणि ते तिथेच सोडायचं. लाकडाला बुरशी येते, काही वर्षांत ते कोसळतं, मग दुसरं कोणी दुसरं करतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ उद्यानात अँडी गोल्ड्सवर्दी या शिल्पकाराने २००८ साली तोडाव्याच लागलेल्या ३७ सायप्रस झाडांचे बुंधे बांधून एक उंच सुळका उभारला. भोवती नवी सायप्रस लावली, ती वाढून सुळक्याला झाकून टाकतील अशा बेताने. २०२०मध्ये त्याला आग लागली. जळका काळा सुळका तसाच उभा ठेवला गेला.

हे ऐकून 'पैसे मातीत' असं म्हणणाऱ्या नागपूरकराला मी एकच विचारतो, तान्ह्या पोळ्याला मारबत पाहायला जाता की नाही? काळी मारबत १८८१पासून आणि पिवळी १८८५पासून निघते. मोठी बाहुलीच ती. बांबू, कागद, रंग, दागिने, कित्येक दिवसांचं काम. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत मिरवायचं आणि त्याच दिवशी जाळायचं. पुढच्या वर्षी पुन्हा नवी. ती टिकावी म्हणून फायबरची करा, असं आजवर कोणी सुचवलेलं मी ऐकलं नाही. टिकत नाही म्हणूनच तर दरवर्षी कोणाला तरी ती करता येते आणि करायला शिकावं लागतं.

इथल्या जंगलात लाकडाला दोन शत्रू आहेत, वाळवी आणि फेब्रुवारीपासूनचा वणवा. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, बाकी लाकडाचा दोन-तीन पावसाळ्यांत भुगा होतो. तो भुगा तिथल्याच मातीचा होतो. मात्र लाकडाला चकाकी यावी म्हणून रसायन आणि पॉलिश थापलं, तर भुग्याबरोबर तेही मातीत जातं.

## परवानगी कोण देतं?

जमीन कोणाची आहे यावर ते ठरतं. महापालिकेची बाग असेल तर एक रीत, वनजमीन असेल तर पूर्ण वेगळी. १९८०च्या वन संवर्धन कायद्यानुसार वनजमीन वनेतर कामाला वापरायची तर केंद्राची आगाऊ मंजुरी लागते. २०२३च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालय, सफारी आणि आराखड्यात असलेल्या पर्यटनसुविधांना यातून काही अटींवर सूट दिली. एखादं शिल्प 'पर्यटनसुविधा' ठरतं की बांधकाम, यावर पुढे बरीच भांडणं होतील असा माझा कयास आहे. पुतळ्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर नवे पुतळे उभारू देऊ नयेत, असं राज्यांना बजावलं आहे.

हरकती-सूचना मागवल्या गेल्या तर शिल्पाचं रंगीत चित्र बाजूला ठेवा आणि चौथऱ्याचा नकाशा मागा. किती खोल, किती झाडांच्या मुळांमधून, पाणी कुठून निघणार, दिवा आहे का, आणि दहा वर्षांनी काढायचं तर कोण काढणार व कोणत्या पैशांतून. हा शेवटचा रकाना बहुतेक वेळा कोराच असतो. त्या वाघाचाही असणार, नाहीतर तो एव्हाना तिथे नसता.

परवा पुन्हा तिकडे गेलो होतो. नवतपा सुरू व्हायला दोन दिवस होते. गांधीलमाशांचं पोळं आणखी मोठं झालंय. चौथऱ्यातली फट या वर्षी एवढी उघडली की जुनं जाड पाचाचं नाणंही आत गेलं. माझा एक रुपया दिसला नाही. काडी घालून पाहिलं, काडी कोपरभर खाली गेली.